एक तार, एक तारा

ईएमआयवर माणूस काय काय घेतो, विचारू नका! आधी बाइक, मग फ्रिज, मग वन बीएचके. आणि मग एक दिवस शेजारच्या क्यूबिकलमधल्या पोराच्या वॉलपेपरवर मृगातला तेजोमेघ दिसतो. तो अगदी सहज म्हणतो, "नेटवरचा नाही, मी काढलाय." झालं! त्या रात्री आपण टेलिस्कोपच्या किमती बघत जागतो. हसू नका. माझ्या ओळखीतच अशी चार कार्टी आहेत. चौघांचे पगार बरे, चौघांच्याही आया वैतागलेल्या.

यातली मेख अशी की टेलिस्कोप घेतला म्हणजे काहीच घेतलं नाही. तो ज्यावर बसतो ते माउंट बऱ्याचदा टेलिस्कोपपेक्षा महाग. मग कॅमेरा. आणि हे सगळं जमवून बॅंकेचं स्टेटमेंट लपवून ठेवलं की कुणीतरी जाणकार येऊन विचारतो, "ऑटोगायडर नाही? मग काय उपयोग!"

तर ऑटोगायडर. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सरकतं, सेकंदाला साधारण १५ विकला. (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग.) माउंटमधली मोटर टेलिस्कोपला त्याच वेगाने ताऱ्यामागे फिरवते. पण गिअर शेवटी माणसाने कापलेले. दर काही मिनिटांनी ते किंचित पुढे जातात, किंचित मागे पडतात. नुसत्या डोळ्यांनी बघताना कळतही नाही. चार मिनिटांचा फोटो काढायला गेलं की मात्र ताऱ्याच्या ठिपक्याऐवजी शेवई येते. म्हणून मोठ्या टेलिस्कोपच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि तिला एक छोटा कॅमेरा लावतात. हा कॅमेरा एकच तारा धरून बसतो. तारा जरा हलला की माउंटला निरोप जातो, पाव सेकंद डावीकडे. दोन सेकंदांनी परत बघायचं, परत निरोप. असं रात्रभर. बॉस झोपलेला असताना इमानदारीत काम करणारा हा जगातला बहुधा एकमेव ज्युनिअर!

आणि हा निरोप जातो कशातून? जुन्या लँडलाइन फोनला असायची तसल्या दिसणाऱ्या एका चपट्या केबलमधून. लाखभराच्या सेटअपमधली सगळ्यात फुटकळ वस्तू. यंत्र बंद पडलं की सगळ्यात शेवटी जिच्याकडे बघितलं जातं, ती हीच.

हे मी कळमनुरीत पाहिलं. मित्र हिंजवडीतला आयटीवाला. त्याच्या मामांचं शेत कळमनुरीपासून थोडं आत आहे, हळद आणि हरभरा. जानेवारीची अमावास्या, दोन दिवसांची रजा, आणि पुण्याहून रात्रभराचा प्रवास. पुण्याच्या आकाशात हल्ली तारे मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात. इथे मात्र अंधार पडल्यावर मान वर केली की बराच वेळ खाली येत नाही. गावातल्या पोरांना मित्राने आधीच सांगून ठेवलेलं, रात्री लॅपटॉपवर घोड्याचं डोकं दाखवतो. मृगाच्या पट्ट्यातल्या डावीकडच्या ताऱ्याखाली एक काळा धूलिमेघ आहे, त्याचा आकार तसा दिसतो म्हणून हे नाव. सात-आठ पोरं स्वेटर-मफलर घालून हजर. म्हणजे इज्जतीचा सवाल.

मांडामांड छान झाली. कळमनुरीचा अक्षांश पावणेवीस अंशांच्या आसपास, त्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर जेमतेम तेवढाच वर. युरोप-अमेरिकेसाठी बनवलेल्या माउंटला एवढं वाकायची सवय नसते, वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. तेही निभावलं. मग गायडिंगचं सॉफ्टवेअर सुरू केलं. पीएचडी टू. फुकट मिळतं, जगभरचे हौशी लोक वापरतात, आणि या पीएचडीचा विद्यापीठाशी संबंध नाही. 'पुश हिअर, डमी', म्हणजे 'हे बटण दाब रे बावळटा', त्याचं ते लघुरूप! बटण दाबलं. कॅलिब्रेशन सुरू झालं, आणि थोड्या वेळाने लाल अक्षरं. तारा पुरेसा हलला नाही.

मग पुढचे दोन तास आयटीवाल्यांच्या पद्धतीने गेले. रिस्टार्ट. ड्रायव्हर काढून परत टाकला. यूएसबी पोर्ट बदललं. परत रिस्टार्ट. साडेबाराला निदान पक्कं झालं, कॅमेरा गेला. वीस हजारांचा कॅमेरा, आणि तो परत पाठवायचा फॉर्म मोबाइलवर अर्धा भरूनही झाला. रेंज नव्हती म्हणून सबमिट झाला नाही, एवढंच. पोरं एकेक करून घरी गेली. त्यातलं एक जाता जाता म्हणालं, "दादा, घोडा उद्या येईल का?" फार लागलं ते.

एवढ्यात मामा आले. शेतीच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती, त्यामुळे ते हरभऱ्याला पाणी द्यायला जागेच होते. खांद्यावर घोंगडी, हातात बॅटरी, आणि पिशवीत पिवळा मल्टिमीटर. पंपाचा स्टार्टर दर चार दिवसांनी रुसतो म्हणून तो त्यांच्याबरोबरच असतो.

"काय झालं भाचेबुवा? कामून थांबलाव?"

मित्राने ड्रायव्हरपासून सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजलं का काही?"

मोजलं नव्हतं.

"हे बघा. मोटार चालंना, तर मी मोटार नाही खोलत. खांबावर लाइट हाय का? हाय. मीटरला हाय का? हाय. स्टार्टरच्या आत जाती का? जाती. भायेर येती का? नाही. मग मोटारीला कामून शिव्या द्यायच्या?"

मित्र गप्प! कारण कंपनीत हा गडी हेच काम करतो. प्रोग्रॅम अर्ध्यात तोडायचा, चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते शोधायचं, मग त्या अर्ध्याचा अर्धा. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे आणि इंटरव्ह्यूत त्याच्यावर प्रश्न येतो. शेतात आल्यावर विसरला, कारण समोर लॅपटॉप होता आणि लॅपटॉप दिसला की दोष त्यातच असणार अशी आपली श्रद्धा.

आता थोडं तांत्रिक. कॉफी घ्या हवं तर.

या केबलच्या जोडणीला एसटी-४ म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या एसबीआयजी या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑटोगायडर काढला, त्या मॉडेलचं हे नाव. मॉडेल केव्हाच इतिहासजमा झालं, नाव आणि सॉकेट उरलं. प्लगला सहा पिना, त्याला आरजे-१२ म्हणतात. प्लगचा खटका खाली आणि केबल आपल्याकडे अशी धरली की डावीकडून १ ते ६. पहिली पिन रिकामी. दुसरी सामाईक, म्हणजे ग्राउंड. तिसरी आणि सहावी विषुवांशाच्या दोन दिशा, म्हणजे पूर्व-पश्चिम. चौथी आणि पाचवी क्रांतीच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण. काही कंपन्यांनी आपला वेगळा क्रम चालवलाय, तेव्हा आपल्या माउंटचं मॅन्युअल एकदा उघडा. (ते प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल, मला माहितीये.)

आणि यात कुठलाही गहन डेटा-बिटा वाहत नाही. कॅमेऱ्यात चार छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. पश्चिमेला ढकलायचं तर त्या दिशेची पिन दोन नंबरच्या पिनेला क्षणभर जोडायची, संपलं. घराच्या बेलच्या बटणासारखं. म्हणजे हा सगळा मामला अडीचशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरला सहज कळतो.

पहिली अडचण, मीटरच्या काड्या जाड आणि प्लगमधल्या पट्ट्या नाजूक. मामींच्या शिवणाच्या डब्यातून दोन सुया आल्या, काड्यांना दोऱ्याने घट्ट बांधल्या. जमलं.

मग केबलचं एक टोक माउंटमध्ये, दुसरं टोक मोकळं हातात, माउंट चालू. मीटर डीसी व्होल्टवर, २०च्या रेंजला. काळी काडी दोन नंबरवर धरून ठेवायची आणि लाल काडी एकेका दिशेच्या पिनेवर न्यायची. माउंट आतून प्रत्येक दिशेला थोडा व्होल्टेज लावून ठेवतं, बहुतेक माउंटमध्ये ३ ते ५ व्होल्ट. नेमका आकडा महत्त्वाचा नाही. चारही पिनांवर तो सारखा हवा, हे महत्त्वाचं. तीन नंबरवर ४.९. चारवर ४.९. पाचवर ४.९. सहावर... काही नाही. शून्य. सुई नीट टेकत नसेल म्हणून परत. शून्यच.

मामांनी आपली बॅटरी प्लगवर मारली. इथे एक सांगायला हवं. आकाश बघणारे लोक रात्रभर लाल टॉर्च वापरतात, डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून. लाल उजेडात सगळंच लाल दिसतं, त्यामुळे त्या प्लगकडे दोन तासांत कुणी बघितलं असतं तरी काही कळलं नसतं. पांढऱ्या उजेडात स्पष्ट दिसलं. सहा खाचा, पण सोनेरी पट्ट्या चारच! दोन्ही कडेच्या खाचा रिकाम्या. पहिली रिकामी असली तरी बिघडत नाही. सहावी रिकामी, म्हणजे एक दिशा कापलेली.

झालं होतं असं की कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केबल मित्राच्या शिफ्टिंगमध्ये हरवली होती, आणि एका दुकानदाराने "सेम आहे, घेऊन जा" म्हणत त्याला चार वायरींची फोनची केबल दिली होती. दिसायला खरोखर सेम. सॉकेटमध्ये टिच्चून बसते, खटका वाजतो, समाधान वाटतं. तीन दिशा चालतातही! म्हणूनच ही केबल भलतीच फसवी. पूर्ण मेलेली असती तर पहिल्या पाच मिनिटांत संशय आला असता.

तरी मामा थांबेनात. "दोन्ही बाजू बघा. एका बाजूनं खरं निघालं म्हणून दुसरी चांगली हाय, असं नसतं." मग सुई थेट माउंटच्या सॉकेटात, अगदी जपून. दोन आणि सहामध्ये ४.९. माउंट ठणठणीत. आता कॅमेऱ्याचं सॉकेट. मीटर डायोडच्या खुणेवर, काळी दोनवर, लाल सहावर. सॉफ्टवेअरमध्ये हाताने धक्का द्यायची बटणं असतात, त्यातलं विषुवांशाचं एकेक दाबून बघायचं. कॅमेऱ्यातला स्विच बारक्या ट्रान्झिस्टरचा असेल तर काड्यांची अदलाबदल चालत नाही, आणि मीटर बीप करेलच असंही नाही. बीप नाही म्हणून कॅमेरा मेला असं ठरवू नका. दोन्ही काड्या कुठेच टेकलेल्या नसताना स्वस्त मीटर डावीकडे नुसता १ दाखवतो, महागडा ओएल. बटण दाबल्याबरोबर तो जाऊन काही आकडा आला तर स्विच चालतोय. आला. सोडलं की गेला. दाबलं की आला. मित्र ते बटण उगाचच दहा-पंधरा वेळा दाबत होता आणि लहान पोरासारखा हसत होता. वीस हजार वाचल्यावर कोणीही हसेल.

रात्रीचे दोन. केबल सापडली, पण चांगली केबल कुठाय? ती रात्र गेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीच्या बाजारात. फोनची केबल आता कुणी ठेवत नाही, लँडलाइनच उरले नाहीत. पण सीसीटीव्ही बसवणारा एक पोरगा सापडला. त्याच्याकडे इंटरनेटच्या केबलचं बंडल, प्लग दाबायचं क्रिंपिंगचं हत्यार, आणि डब्याच्या तळाशी सहा पट्ट्यांचे मोजून पाच प्लग. आठ वायरींतल्या सहा घ्यायच्या, दोन कापायच्या. पहिला प्लग वाया गेला, वायर जाड पडते आणि नीट सरकत नाही. दुसरा बसला. "कशाला लागती ही, दादा?" त्याने विचारलं. मित्राने सांगितलं. पोरगा म्हणाला, "मग मी पण येतो रात्री." पैसे घेतले चाळीस रुपये.

फोनच्या केबलची आणखी एक तऱ्हा असते, तीही इथेच सांगते. बऱ्याच केबलींची दोन टोकं एकमेकांच्या उलट जोडलेली असतात. फोनला फरक पडत नाही, ऑटोगायडरला पडतो. १ची जागा ६ घेते, २ची ५, ३ची ४. मग कॅमेरा ज्याला ग्राउंड समजतो ती माउंटची भलतीच पिन निघते, आणि चारपैकी फार तर एक दिशा हलते, तीसुद्धा नशिबाने. ओळखायला मीटरचीही गरज नाही. दोन्ही प्लग शेजारी शेजारी, खटके एकाच बाजूला करून धरा. रंगांचा क्रम दोन्हीकडे डावीकडून उजवीकडे सारखा हवा. आरशातल्यासारखा उलटा दिसला तर ती फोनलाच ठेवा. थोडक्यात, तीन दिशा चालत असतील तर वायर कमी, एकच चालत असेल तर टोकं उलटी, एकही नसेल तर ग्राउंड तुटलेलं. आणि कधी चालतं-कधी नाही असं असेल तर मीटर बीपवर ठेवून प्लगच्या मानेजवळ केबल हळू वाकवत जा. माउंट पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलं की केबल ताणली जाते आणि आतली वायर तेवढ्याच कोनात सुटते. तुम्ही बघायला जाता तेव्हा माउंट सरळ उभं असतं आणि सगळं छान असतं. ऑफिसातला प्रिंटर नाही का, आयटी सपोर्ट आला की चालतो!

मामांचं शेत ज्या भागात आहे, तो १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची निजामिया वेधशाळा हैदराबादला बेगमपेठेत. जगातल्या वेगवेगळ्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन फोटोंवरून ताऱ्यांची सूची करायची, असा एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प होता. त्यात निजामियाच्या वाट्याला दक्षिण आकाशाचा एक पट्टा आला आणि १९१४पासून तिथे काचेच्या प्लेटांवर तो टिपला जाऊ लागला. तेव्हा ऑटोगायडर कुठला? फोटोच्या दुर्बिणीला जोडून दुसरी दुर्बीण, तिच्या नेत्रिकेत तारांची फुली, आणि तिथे डोळा लावून बसलेला माणूस. तारा फुलीवरून हलला की हाताने सावकाश परत आणायचा. एक्स्पोजर संपेपर्यंत. मान अवघडली, डास चावला, तरी हलायचं नाही. आपण लाल अक्षरं दिसली की दोन तासांत फॉर्म भरायला घेतो.

आणि आता याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया उभं राहायचंय. प्रकल्पाला २०१६मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटींना मान्यता दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना टांगलेले आरसे, आणि अंतरातला फरक मोजायचा तो प्रोटॉनपेक्षाही हजारो पट लहान. आकाशगंगांच्या पलीकडे दोन कृष्णविवरं आदळली की तेवढा हादरा इथे पोचतो. २०१५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन लायगोंनी तो पहिल्यांदा टिपला. त्या आरशांना जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा कल्पनेपलीकडची किचकट, पण तत्त्व ओळखीचं. किती सरकलं ते मोज, उलट धक्का दे, परत मोज. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तिथं मीटर चांगला घेतला असंल."

दुसऱ्या रात्रीचं सांगायचं राहिलं. नवी केबल लावली, बटण दाबलं, तारा चारही बाजूंना हलला. गायडिंगच्या दोन रेघा स्क्रीनवर जवळजवळ सपाट. सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि अकरा वाजता माउंट बंद पडलं!

या वेळी लॅपटॉपला कुणी हात लावला नाही. मीटर डीसी व्होल्टवर, काड्या बॅटरीवर. १२.५. छान. मग काड्या वायरच्या दुसऱ्या टोकाला, माउंटच्या प्लगपाशी, आणि माउंट परत सुरू करून मोटर जोरात फिरवत असताना. ११.९, ११.२, १०.४, बंद. म्हणजे बॅटरी भरलेली, पण वाटेत दोन व्होल्ट गळतात. हे मोजमाप नेहमी लोड असतानाच करायचं, नुसत्या उघड्या टोकाला मोजलं तर खराब वायरही १२.५ दाखवते. मग एक काडी बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी त्याच धन वायरच्या शेवटाला. चांगल्या वायरीत हा आकडा एखाद-दुसऱ्या दशांशाच्या वर जात नाही. इथे दीड. बॅटरीच्या क्लिपपाशी हिरवट गंज होता. मामांनी चाकूने खरवडला, पोरांपैकी एकाने पँटला घासून चकचकीत केला. साडेअकराला पुन्हा सुरू.

एक सूचना, आणि ही गंमत नाही. व्होल्ट मोजताना लाल काडी मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात नाही ना, ते आधी बघा. असेल तर मीटर म्हणजे नुसती तार, बॅटरी शॉर्ट होते, ठिणगी उडते आणि वायर तापते. आणि रोध किंवा बीप मोजायचा तो करंट बंद करूनच.

नव्या माउंटमध्ये हे एसटी-४ प्रकरण हळूहळू मागे पडतंय. लॅपटॉपवरून थेट यूएसबीने माउंटला निरोप जातो, वेगळी केबल लागत नाही. घेणारच असाल तर तसंच घ्या, आनंदाने. बॅटरीच्या क्लिपवर गंज मात्र तिथेही चढतो.

घोड्याचं डोकं साडेबाराला आलं. चार मिनिटांची एक फ्रेम, करडी, खरखरीत, पण मान आणि आयाळ स्पष्ट. सीसीटीव्हीवाला पोरगा सगळ्यात पुढे. आदल्या रात्री 'उद्या येईल का' विचारणारं कार्टं मात्र झोपून गेलं होतं, त्याला सकाळी शाळेच्या वाटेवर थांबवून दाखवलं. त्याने नीट बघितलं आणि म्हणालं, "हे तर उंट हाय."

निघताना मित्राने मामांच्या मीटरमध्ये नवी नऊ व्होल्टची बॅटरी टाकून दिली. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो व्होल्टेज जास्त दाखवायला लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची छोटी खूण येते, ती दिसली की त्या दिवशीच बदला.